हिरव्या दाराचा पंखा

आमच्या चकलांब्याची माणसं बीडला जातात ती कोर्टाच्या तारखेला, नाहीतर दवाखान्यात, नाहीतर पोराच्या ॲडमिशनला. घडीचा पंखा आणायला बीडला गेलेला माणूस गावात मी एकटाच. तो प्रवास कसा झाला ते लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही गुरुजी खमके होते म्हणून. तवा वाचणाऱ्यानं ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नये. पंख्याकडं बघावं.

चकलांबा

फाल्गुनात आमच्या नातीचा, शीतलचा, साखरपुडा झाला. नवरदेव लिंबागणेशचा. पाहुणे गाड्या भरून आले. आधी बाया उतरल्या आणि उतरल्याबरोबर एकेकीनं हातातली कांडी झटकली. फाट्, फाट्, फाट्! मला वाटलं चिलटं मारायला लागल्या का काय. नीट बघतो तर पंखे. घडीचे. झटका दिला की मोरानं पिसारा उघडावा तसे उघडणारे. कडेला जाळी, खाली गोंडा, मधे रंगानं काढलेली फुलं. निळ्या साडीवालीच्या हातात निळा, जांभळ्या साडीवालीच्या हातात जांभळा.

मी दत्ताला, म्हणजे माझ्या पोराला, बाजूला घेतलं. "लाईट गेलीय का रे?"

"न्हाई आबा. फॅशन हाय ती."

"वारा तर कुणीच घेईना."

"वारा घ्यायचा नसतोय. हातात धरायचा. निम्मं तोंड झाकायचं अन् फोटो काढायचा."

नांगराला न जुंपता नुसता मिरवायला बैल पाळावा, तशातला प्रकार. पण मी गप्प बसलो. पाहुण्यांच्या हातातल्या वस्तूला नाव ठेवू नये, हे मला चौथीच्या आधीपासून कळतं.

गप्प बसू दिलं नाही ते विहीणबाईंनी. विहीणबाई म्हणजे नवरदेवाची आजी. वय माझ्याएवढंच, अंगानं चिपाड, आवाज मात्र देवळातल्या घंटेसारखा. त्यांच्या हातात पांढरा, जाळीचा पंखा होता, पुण्याहून आणलेला. चहा झाल्यावर त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नवरी आमच्या घरात शिरंल तवा पुढं आमच्या बाया पंखे उघडून चालतील. नवरीच्या हातातबी पंखा असंल. त्योबी पुण्याचाच. आणून ठिवलाय आमी."

मी म्हणलं, "बाकीच्यांच्या हातात काय धरायचं ते तुमी बघा. नवरीच्या हातातली वस्तू माहेरची पाहिजे."

"तुमच्याकडं कुठला पंखा वं व्याही? तुमी अजून सुपानं वारा घेणारी माणसं!"

सगळे हसले. पाहुणे हसले त्याचं काही नाही. आमच्या बायाबी पदर तोंडाला लावून हसल्या. सुपानं वारा मीच घेतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरातलं घरात ठेवावं का न्हाई?

मी उठून उभा राहिलो. "शीतलच्या हातात माझाच पंखा असंल. बीड जिल्ह्यात केलेला. पुण्याचं तोंड न बघता."

विहीणबाईंनी पंखा मिटला, त्याचं टोक माझ्याकडं केलं. "आणा तर खरं. लिंबागणेशला आणून मला दावा. पसंत पडला तर त्योच धरून पोरगी माझ्या उंबऱ्यात येईल. न्हाई पडला तर पुण्याचा. ठरलं?"

"ठरलं."

पाहुणे गेल्यावर शीतल माझ्याजवळ येऊन बसली. ही पोरगी लहानपणापासून काही मागत नाही. जत्रेत नेली तरी दुसऱ्याच्या हातातला फुगा बघून खूश. ती म्हणाली, "आबा, आणणारच असला तर मोर नको. फुलं पण नको. आपलं घर काढून आणा त्याच्यावर. तिकडं कधी उघडला की घर दिसलं पाहिजे."

तवा मला कळलं, की आपण भांडणात शब्द दिलाय, पण पोरीनं तो खरा धरलाय. आता माघार नाही.

बीडला एक मुलगी लग्नाचे पंखे रंगवते, हे शीतलनंच मोबाईलमधी शोधलं आणि फोन करून पत्ता घेतला. वैशाखातलं लग्न. चैत्रात मी एसटीत बसलो. दत्ता म्हणला, मी येतो संगं. मी म्हणलं, शब्द कुणी दिलाय?

बीड

बसचं काही लिहीत नाही. बस म्हणजे बस. गेवराईला बदलली, बीडला उतरलो, ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला सोडीना.

घर जुन्या वस्तीत, एका बोळात. दारात बाजेवर एक म्हातारा बांबूच्या काड्या तासत बसला होता. दाढी पांढरी, टोपी पांढरी, आणि बनियन एकेकाळी पांढरी. त्याच्या डोक्यावर दोरीला घडीचे पंखे उलटे टांगलेले, वडाला वटवाघळं लटकावीत तसे.

"पंखा पाहिजे," मी म्हणलं.

"बैठो. पहले पानी पिओ. पंखा कुठं पळून जातंय?"

हे शब्बीरभाई. पूर्वी टांग्यांच्या पाठी रंगवायचे, दुकानांच्या पाट्या लिहायचे. आता हात थरथरतो, म्हणून ब्रश लेकीच्या हातात दिला आणि स्वतः काड्या तासतात. काड्यांची मुळं एकत्र ओवायला खिळा म्हणून सायकलच्या स्पोकचा तुकडा घालतात. मला ती युक्ती आवडली.

लेक नसीमा. डोळ्यांना चष्मा, कोपरापर्यंत रंग. मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळं बोलणं माझ्यापेक्षा शुद्ध. आत तिनं पांढरं रेशमी कापड अर्ध्या चंद्रासारखं कापून फळीवर ताणून बसवलं होतं. आधी सपाट कापडावर चित्र, ते वाळलं की चुण्या, आणि मग काड्या, असा त्या कामाचा क्रम.

"काय काढायचं काका? मोर?"

"मोर न्हाई."

"देवा!" ती वडलांना म्हणाली, "अब्बा, मोर नको म्हणणारं गिऱ्हाईक आलं!" मग मला सांगू लागली. "हिंदूंच्या लग्नात मोर, आमच्या लग्नात सोनेरी नावं. आता कॉलेजच्या पोरी तर ड्रेसचा तुकडा घेऊन येतात, याच रंगाचा पंखा द्या म्हणून. वारा कुणालाच नको असतो. परवा एकीनं विचारलं, हा हलवला तर तुटेल का?"

"मग पंखा कशाला म्हणायचं त्याला?"

"पंखा हातात असला की बाई वेगळी उभी राहते काका. तेवढ्यासाठी."

हे बाकी खरं निघालं. पण ते पुढं येईल.

मी म्हणलं, "माझं घर काढायचं."

"फोटो?"

फोटो मी आणला नव्हता. दत्ता मोबाईलवर पाठवतो म्हणत होता, मी नको म्हणलं होतं. ज्या घरात आपण जन्मलो त्याचा फोटो बघून सांगायचं म्हणजे बायकोचं नाव रेशनकार्डात बघून सांगण्यासारखं. "मी तोंडानं सांगतो," म्हणलं. "तुमी काढा."

मग जे सुरू झालं त्याचं नाव ते. तुम्ही कधी आपलं घर परक्या माणसाला तोंडानं सांगून बघा. मला वाटलं, दोन वाक्यांत होईल. घर आहे, निंब आहे, शेत आहे. नसीमा पेन्सिल धरून विचारायची, "निंब दाराच्या डाव्या हाताला की उजव्या?" घरातून बाहेर येताना उजव्या. बाहेरून आत जाताना डाव्या. "पंखा बघणारा कुठं उभा आहे?" ह्याचा विचार मी जन्मात केला नव्हता. शेवटी ठरलं, बघणारा गावाबाहेरून घरी येतोय.

"ओटा किती उंच?"

"बसलं तर पाय टेकतात. माझे. शीतलचे टेकत न्हाईत."

"मग लोंबणारे पाय काढू?"

"माणसं काढू नका. पोरगी तिकडं गेल्यावर ओट्यावर पोरगी कशी दिसंल?"

ती हसली नाही. तिनं ओटा रिकामाच काढला.

पंख्याच्या उजव्या अंगाला मी शेत सांगितलं. काळं रान आणि वेचणीला आलेला कापूस, पांढराफेक. डाव्या अंगाला निंब, मोहोर आलेला. शब्बीरभाई बाहेरून ऐकत होते. काडी तासायची सोडून आत आले.

"अरे आबा, कापूस फुटतो दिवाळीला. निंब मोहरतो चैतात. दोनों एक टाइम पे कैसा?"

"पंख्यात येतंय की."

"पंख्यात बी नाही येत! हम भी रान देखे हैं. लोग हसेंगे."

"हसू द्या. पोरीला वर्षभराचं घर न्यायचंय. एकाच महिन्याचं कावून न्यावं?"

शब्बीरभाई म्हणाले, "तू मेरे से भी हट्टी है बे."

तिथून आमचं जमलं.

त्या रात्री मला त्यांनी लॉजवर जाऊ दिलं नाही. अंगणात दुसरी बाज टाकली. सकाळी न्याहरीला खिचडी आणि खट्टा. आमच्याकडं खिचडी म्हणजे घरात भाजी नसली की केलेली, आजाऱ्याची. यांच्याकडं सकाळीच मसुरीची मोकळी खिचडी आणि त्याच्यावर तीळ-चिंचेचं आंबट, पातळ, कच्चा कांदा घातलेलं. पहिला घास घेतला आणि कानामागं घाम आला. शब्बीरभाईंनी विचारलं, "कैसा है?" मी म्हणलं, "आमच्याकडं आजाऱ्याला देतात खिचडी." ते म्हणाले, "मग आजारी पड, आणि दोन दिवस राह्य." मी पुन्हा वाढून घेतली.

दुपारी लाईट गेली. दोरीला इतके पंखे टांगलेले, पण एकालाही हात लावायची सोय नाही, कुणाचा रंग ओला, कुणाची खळ. तवा आम्ही दोघं म्हातारे बुटाच्या खोक्याची झाकणं घेऊन वारा घालीत बसलो. विहीणबाईंनी बघितलं असतं तर वर्षभर पुरलं असतं त्यांना.

नसीमानं विचारलं, "काका, दार कोणत्या रंगाचं?"

"हिरवं." मी विचारसुद्धा केला नाही.

"कसलं हिरवं? पोपटी, शेवाळी, गडद?"

"शिंगाचं हिरवं."

ती गोंधळली. पण शब्बीरभाईंना कळलं. गावाकडं ज्याच्या घरी बैल होते त्याला कळेल. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग द्यायचा, आणि डब्यात जो उरेल तो दाराला मारायचा, वाया घालवायचा नाही. आमच्या हौशा आणि पाखऱ्याची शिंगं दरवर्षी हिरवी. शेजारी लाल देत, कुणी सोनेरी देत, आम्ही हिरवीच. त्यामुळं आमचं दारही हिरवं. गल्लीत कुणाचं दार कोणतं यावरून पोळ्याला कुणाचे बैल कसे सजले ते कळायचं.

शब्बीरभाई उठले. "वो हरा इसको नहीं जमेगा," म्हणाले, आणि थरथरत्या हातानं त्यांनी स्वतः वाटीत रंग कालवला. आधी जास्त पिवळा झाला. मग निळा घातला. मग काजळीचा थेंब. मी म्हणत होतो, अजून, अजून, बस. वाटीकडं बघितलं आणि मला हौशाच्या अंगाचा वास आला. खोटं सांगत नाही.

दार नसीमानं बरोबर मधोमध रंगवलं. बारीक ब्रशनं कडी काढली. वाळल्यावर चुण्या घातल्या, काड्या चढवल्या, आणि शब्बीरभाईंनी पंखा मिटून माझ्या हातात दिला. "खोल."

मी झटका दिला. पंखा निम्माच उघडला आणि निसटून त्यांच्या पोटावर पडला.

"ताकद नहीं लगाने का! मनगट ढिलं सोड. कबूतर उडवल्यावानी."

दुसऱ्यांदा उघडला. डाव्या अंगाला मोहरलेला निंब, उजव्या अंगाला कापूस, मधे आमचं घर, रिकामा ओटा आणि हिरवं दार. गावात एवढी वर्षं राहिलो, पण घर असं एकदम समोरून कधी बघितलं नव्हतं. निघताना मी नसीमाला म्हणलं, "लग्नाला या." शब्बीरभाई म्हणाले, "आते. पण खिचडी आजारीवाली देना नको."

लिंबागणेश

बीडहून लिंबागणेशची गाडी धरली. पंखा पिशवीत ठेवायला नसीमानं सांगितलं होतं. पण पिशवीत घातलेली वस्तू गाडीतल्या लोकांना कशी दिसणार? मी हातात धरला. शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे हो? मी कबूतर उडवल्यासारखं मनगट सोडलं. पंखा उघडला तो तिकीट फाडायला वाकलेल्या कंडक्टरच्या नाकावर.

"अहो बाबा! काय तलवार हाय का?"

"पंखा हाय."

"मग वारा घाला की, मारता कावून?"

सगळी गाडी हसली. मग कंडक्टरनंच मागून घेतला, उघडून बघितला, आणि पंखा मागच्या सीटपर्यंत फिरून आला. एक म्हातारी म्हणाली, "बया, कापूस बघ की, वेचावा वाटतो." पंखा हातात आला की लोक माझ्याकडं जरा वेगळं बघत होते. आणि मीही जरा ताठ बसलो होतो, नसीमा म्हणाली तसा. बोलताना मधेच मिटायचा, मधेच उघडायचा. तेवढा वेळ समोरचा थांबतो. पुढाऱ्यांना ही युक्ती अजून कुणी सांगितली नाही, हे आपलं नशीब.

आधी गणपतीचं दर्शन घेतलं. पंखा पायाशी ठेवून म्हणलं, बाप्पा, तुम्ही बघितलाय, आता त्या बाईला पसंत पडू द्या.

विहीणबाईंनी आधी जेवायला बसवलं. पाहुण्याला आधी जेवू घालायचं आणि मग त्याचं म्हणणं ऐकायचं, ही त्यांची रीत. आमच्याकडं उलटं, आधी म्हणणं, मग भाकरी. म्हणून आमच्याकडं भांडणं जास्त होतात. शेंगोळे केले होते. हुलग्याचे, लसणाची फोडणी दिलेले, वर कच्चं तेल. आमच्या घरच्यापेक्षा चांगले होते. हे मी आत्ता लिहितोय, तिथं बोललो नाही. पण तिसऱ्यांदा ताट पुढं केलं तवा त्यांना कळलंच असणार.

हात धुतले आणि मी पंखा उघडला.

घरातल्या सगळ्या बाया गोळा झाल्या. विहीणबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडात नेला, पाठीमागून बघितला, काड्या वाकवून बघितल्या. निंबावर बोट ठेवलं. कापसावर ठेवलं. मी वाट बघत होतो, की आता महिन्यांचं काढतील. त्यांनी ते काढलं नाही.

"काम झकास हाय," म्हणाल्या. "आमच्या पुण्याच्याला असं न्हाई. पण व्याही, हे घर तुमचं न्हाई."

"म्हंजे?"

"तुमचं दार निळं हाय."

"हिरवं हाय."

"निळं! साखरपुड्याला मी त्या दारापाशी चप्पल काढली की. तुमच्या ट्रॅलीसारखं निळं."

"विहीणबाई, मी त्या घरात जन्मलोय."

"म्हणूनच. जन्मलेला माणूस दार बघतोय कशाला? त्यो दारातून जातोय."

बाया हसायला लागल्या. मी म्हणलं, "हिरवं, हिरवं, बैलाच्या शिंगासारखं हिरवं." माझा आवाज जरा चढला असावा, कारण बाहेरून दोन गडी आत डोकावले.

विहीणबाईंनी पंखा मिटून माझ्या हातात दिला. मिटला तोही हळू, चुण्या धरून. "पोरीला घर द्यायचं तर खरं द्या. लग्नाला वऱ्हाड घेऊन येतेच की मी. दार हिरवं निघालं तर हाच पंखा, अन् मी सगळ्यांच्या पुढं चालीन. निळं निघालं तर पुण्याचा. अन् मग जन्मभर ऐकायचं."

"ऐकून घ्यायची तयारी तुमीच ठिवा," असं म्हणून मी निघालो.

पुन्हा चकलांबा

स्टँडवरून घरापर्यंत मी वर मान करून चाललो. वळणावर निंब दिसला. ओटा दिसला. मग दार दिसलं.

दार निळं होतं.

पिशवी हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. दत्ता आतून आला. "आबा, काय झालं? घरात या की."

"हे दार निळं कुणी केलं?"

"कवाच. ट्रॅलीला रंग दिला तवा उरला होता. तुमीच म्हणलात की, वाया घालवू नका, दाराला मारा."

तवा मला आठवलं. बैल विकून ट्रॅक्टर आणला त्याच वर्षी. बैलच नाहीत म्हणल्यावर शिंगाचा रंग घरात आलाच नाही. त्या दारातून मी रोज आतबाहेर केली, निळ्या दारातून, आणि माझ्या डोळ्यापुढं दार ते हौशा-पाखऱ्याचंच राहिलं.

दत्ताला सगळं सांगितलं. तो म्हणला, "मग त्यात काय? बीड काय लांब हाय? पंख्यातलं दार निळं करून आणू."

"पंखा बरोबर हाय," मी म्हणलं. "दार चुकलंय."

गेवराईहून हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणला. तसा हिरवा मिळाला नाही. मग अंगणात बसून मीच कालवला. पिवळा, निळा, काजळी. शब्बीरभाईचं बघून ठेवलं होतं. पंखा उघडून ओट्यावर ठेवायचा, दाराकडं बघायचं, पंख्याकडं बघायचं. येणारे-जाणारे विचारायचे, आबा, लग्नाची तयारी का? मी म्हणायचो, हो. शीतल चहा घेऊन आली, जरा वेळ बघत उभी राहिली.

"आबा, मला निळं पण चाललं असतं."

"तुला चाललं असतं. पंख्याला चाललं नसतं."

मग ती आत गेली, जुनी ओढणी डोक्याला बांधून आली आणि खालची चौकट तिनं रंगवली. माझी कंबर तिथंवर वाकत नाही, हे तिला माहीत आहे.

पण निळा रंग माझ्यासारखाच निघाला, हटेना. एक हात दिला, निळा वर आला. दुसरा दिला, तरी कडीपाशी डोकवायचा. लग्नादिवशी सकाळी मांडवाला तोरण बांधत होते आणि माझं लक्ष कडीकडं. तिथं नखाएवढं निळं दिसत होतं. वऱ्हाड वेशीवर आल्याचा बँड ऐकू आला आणि मी फेटा सांभाळीत डबा आणला, ब्रश काढला, कडीभोवती एक हात मारला आणि डबा पोत्याखाली सारला.

विहीणबाई गाडीतून उतरल्या त्या थेट दारापुढं. मागं त्यांच्या सगळ्या बाया, हातात पुण्याचे पंखे. आमच्या बायाही जमल्या. नसीमा आणि शब्बीरभाई आलेच होते, तेही बघायला पुढं आले. विहीणबाईंनी दार वरून खालपर्यंत बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी वरच्या तोरणाकडं बघत होतो. आणि त्यांनी हात पुढं करून कडीपाशी बोट ठेवलं.

बोट हिरवं झालं.

त्यांनी बोटाकडं बघितलं. मागून त्यांच्या सुनेनं विचारलं, "काय वं आत्याबाई? हिरवं का निळं?"

शीतल आतल्या खोलीच्या खिडकीत, मुंडावळ्या बांधलेली, हातात मिटलेला पंखा.

विहीणबाईंनी ते बोट हातातल्या पांढऱ्या पंख्याच्या घडीत सरकवलं आणि पंखा मिटला. मग घंटेसारख्या आवाजात म्हणाल्या, "हिरवं हाय की! चांगलं शिंगासारखं हिरवं. साखरपुड्याला माझ्या डोळ्यावर ऊन आलं असंल. पोरीच्या हातात आबांचाच पंखा!"

बँडवाल्यांना वाटलं काहीतरी शुभ झालं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. शब्बीरभाई माझ्या कानात म्हणाले, "मेरा रंग कालवला क्या बे तूने? काजळी कमी पडी." मी म्हणलं, "जेवायला चला."

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. गर्दी जरा कमी झाल्यावर विहीणबाई माझ्याजवळ आल्या, मूठ झाकलेली. हळू आवाजात म्हणाल्या, "व्याही, घरात रॉकेल हाय का वं थोडं?"

रॉकेल आता मिळतं कुठं. मी ट्रॅक्टरचं डिझेल चिंधीवर घेऊन आलो. त्यांनी बोट पुसलं. पंखा उघडला तर पांढऱ्या जाळीवर हिरवा डाग पडला होता. मी म्हणलं, "हा मी बीडहून धुऊन आणून देतो."

"राहू द्या," म्हणाल्या. "फॅशन हाय."

आणि पुसलेल्या बोटानं पदर सारखा करून निघाल्या.

पोरगी त्यांच्या घरात शिरली तवा मी तिथं नव्हतो. मुलीकडच्यानं मागं जाऊ नये. पण दत्ताच्या मोबाईलवर फोटो आला. पुढं विहीणबाई, डाग पडलेला पंखा उघडून. मागं शीतल, उंबऱ्यात उजवं पाऊल, आणि तोंडापुढं आमचं घर. फोटोत तिचे फक्त डोळे दिसतात. खाली कापूस फुटलेला, निंब मोहरलेला. एकाच वक्ताला.

चकलांब्याला कधी आलात तर कुणालाही विचारा, आबाचं घर दाखवतील. निंबाखाली ओटा आहे, बसा, भाकरी खाऊन जा. शेंगोळेही आता आम्ही कच्चं तेल घालून करतो. आणि दार बघा. हिरवं आहे. हात लावायलाही हरकत नाही. आता वाळलंय.